साबणाच्या वड्या : अंदाज नको, तराजू हवा

निफाडचा पारा उतरल्याची बातमी आली की आम्हां नाशिककरांच्या घरी खोबरेल तेल बाटलीत गोठते आणि सगळ्यांचे हातपाय फुटू लागतात. अशाच एका थंडीत माझ्या मनाने घेतले, की ओट्स घातलेला साबण घरीच करायचा. सासूबाई म्हणाल्या, "साबण तो काय, तेल नि सोडा. त्यात काय एवढं!" मलाही तसेच वाटले. नेहमीच्या सवयीने मी पातेले घेतले, ते नेमके जर्मनचे. त्यात कॉस्टिकचे पाणी पडायचा अवकाश, फसफसून वाफा निघाल्या आणि पातेले काळेठिक्कर! मुले शाळेत होती म्हणून बरे. अॅल्युमिनियमचे आणि कॉस्टिकचे हाडवैर, त्यातून पेट घेणारा वायू निघतो, हे मला त्या दिवशी कळले. म्हणून आधी सांगते : आमटीत मीठ आपण अंदाजाने घालतो, पण साबणात अंदाज चालत नाही.

का चालत नाही? प्रत्येक तेलाला लागणारा सोडा वेगळा. २०० ग्रॅम खोबरेल तेलाला सुमारे ३७ ग्रॅम कॉस्टिक लागतो, तेवढ्याच तिळाच्या तेलाला मात्र २७ ग्रॅमच्या आसपास. सोडा जास्त झाला तर वडी त्वचेला भाजते, कमी झाला तर ती चिकट राहते. म्हणून तेल बदलायचे असेल तर सोड्याचा हिशोब नव्याने करावा लागतो. अर्देशीर गोदरेज यांनी १९१८ साली चरबीऐवजी वनस्पती तेलाचा साबण बाजारात आणला, त्यामागेही हाच हिशोब होता. तेव्हा ग्रॅम दाखवणारा वजनकाटा घरात नसेल तर हा उद्योग करूच नका.

साहित्य : खोबरेल तेल २०० ग्रॅम, तिळाचे तेल २५० ग्रॅम, एरंडेल ५० ग्रॅम, कॉस्टिक सोडा ७० ग्रॅम, डिस्टिल्ड वॉटर १७० ग्रॅम, मिक्सरमधून अगदी बारीक केलेले साधे ओट्स दोन मोठे चमचे. (तेल आणि पाणीसुद्धा मापाने नव्हे, वजनानेच घ्यावे. सोडा मुद्दाम किंचित कमी धरला आहे, म्हणजे थोडे तेल शिल्लक राहून साबण मऊ होतो.)

कॉस्टिक सोडा म्हणजे खायचा सोडा नव्हे आणि धुण्याचा सोडाही नव्हे, बरं का! मोरी साफ करायच्या भुकटीतही इतर काही मिसळलेले असते, ती नको. केमिकलच्या दुकानातून शुद्ध सोडाच आणा.

कृती : मुले घरात नसताना, खिडक्या उघड्या ठेवून काम करा. रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा आणि लांब बाह्या हव्यातच. स्टीलच्या खोल पातेल्यात आधी गार पाणी घ्या आणि त्यात थोडा थोडा सोडा घाला. सोड्यावर पाणी कधीही ओतू नका, ते उसळून अंगावर येते. पाणी आपोआप कढत होईल, त्याची वाफ नाकात जाऊ देऊ नका. तेले एकत्र करून कोमट करा. दोन्ही पातेली बाहेरून कोमट लागली की सोड्याचे पाणी बारीक धारेने तेलात ओता आणि स्टीलच्या डावाने ढवळत राहा. हाताने पाऊण तासही लागू शकतो, हँड ब्लेंडरने काही मिनिटांत होते. मिश्रण धिरड्याच्या पिठासारखे झाले आणि डावातून पडलेली धार वर उमटून राहिली की ओट्स मिसळा. मग श्रीखंडाच्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या डब्यात ओता आणि जुन्या टॉवेलने झाका.

एक-दोन दिवसांनी हातमोजे घालूनच वड्या पाडा. सहा-सात होतील. त्या सावलीत, हवेशीर जागी, एकमेकींना न चिकटता चार ते सहा आठवडे ठेवा. गणपती उठले की साबण करायला घ्या, दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला तो बरोबर तयार होतो. ही भांडी मात्र पुन्हा स्वयंपाकाला नकोत.

ओट्सऐवजी भद्रकालीतल्या काष्ठौषधींच्या दुकानातून वाळा, नागरमोथा आणता येईल. तेही वस्त्रगाळ करून, आणि सगळी पूड मिळून दोन चमचेच. मसुराचे पीठ जाडसर राहिले तर अंगाला खरचटते. आंबेहळद घातलीत तर पिवळी वडी मिळेल अशी आशा धरू नका. हळदीच्या डागावर साबण लागला की तो लाल होतो ना? वडीतही तसेच होऊन ती लालसर तपकिरी होते. कोरफडीचा गर, दूध यांचा मोह पहिल्या खेपेला टाळा.

आता ओट्सबद्दल खरे सांगायचे तर, बारीक दळलेल्या ओटला त्वचेचे रक्षण करणारा घटक म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००३ साली मान्यता दिली आहे. पण साबण आपण क्षणात धुऊन टाकतो, त्यामुळे वडीतून तो फायदा फारसा मिळत नाही. अंग फारच कोरडे पडले असेल तर मूठभर ओट्सची पूड मलमलच्या फडक्यात बांधून ती पुरचुंडी आंघोळीच्या कोमट पाण्यात पिळा. साबण कुठलाही असो, तो अल्कधर्मी असतो. तान्ह्या बाळाला आणि पुरळ उठलेल्या त्वचेला हा लावू नका.

शेवटचे, पण सर्वांत महत्त्वाचे. सोड्याचे पाणी दिसते अगदी पिण्याच्या पाण्यासारखे. उरलेले पाणी सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नका, एका घोटाने लेकराचा घसा जन्माचा भाजतो. सोड्याचा डबा कुलपात ठेवा. अंगावर थेंब उडाला तर लिंबू-व्हिनेगर शोधत न बसता वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे धरा. डोळ्यात गेला तर तसेच पाण्याने धुऊन तडक डॉक्टरांकडे जा.

एवढे सांभाळलेत तर काम अवघड नाही. आमच्याकडे त्या काळ्या पातेल्यात आता तुळस लावली आहे. आणि पहिल्या आंघोळीला सासूबाई वडी हातात घेऊन विचारतात, "वजन करून केलीस ना गं?"