संचलन-बँडच्या बोली : अमेरिकेतील शालेय वाद्यपथकांचे प्रादेशिक भेद

१

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील बहुतेक मोठ्या हायस्कुलांना स्वतःचा ‘मार्चिंग बँड’ असतो. ‘बँड’ या शब्दासरशी मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे लग्नाची वरात किंवा पोलिसांचे संचलन उभे राहते. येथे अभिप्रेत असलेली संस्था याहून वेगळी आहे. चौदा ते अठरा वर्षांची, कधी पन्नास तर कधी तीनशे मुले पितळी व लाकडी सुषिर वाद्ये आणि तालवाद्ये वाजवीत, पावले मोजून चालत, अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर किंवा रस्त्यावर निरनिराळ्या आकृती रचतात. तिचे शिक्षण शाळेत दिले जाते, त्यासाठी स्वतंत्र शिक्षक असतो, आणि बहुतेक ठिकाणी स्पर्धाही असतात.

गणवेश, वाद्ये आणि पथकरचना यांचे बाह्य साम्य पाहता ही देशभर सारखीच असलेली प्रथा आहे, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु पूर्व टेक्ससमधील एखादे पथक, इंडियानातील दुसरे आणि न्यू ऑर्लिअन्समधील तिसरे अशी तिन्ही लागोपाठ पाहिली, तर एकाच भाषेच्या तीन बोली ऐकत असल्याचा भास होतो. मूळ शब्दसंपत्ती समान आहे. उच्चार, वाक्यरचना आणि शिष्टाचार मात्र वेगळे आहेत. हे भेद कोठून आले, ते कशामुळे टिकले, आणि त्यांतील एकाला ‘शुद्ध’ व इतरांना ‘सदोष’ ठरविण्याची प्रवृत्ती कितपत शास्त्रीय आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२

सर्व पद्धतींचे मूळ लष्करी बँडमध्ये आहे. पहिल्या महायुद्धानंतर शाळांतून बँड झपाट्याने वाढले. १९२३ साली शिकागो येथे शालेय बँडची राष्ट्रीय स्पर्धा भरली. तिच्यामागे वाद्यनिर्मात्यांचा पुढाकार होता. शाळा हे त्यांचे नवे ग्राहक होते. पुढे स्पर्धांचे नियंत्रण क्रमाने राज्यपातळीवरील संस्थांकडे गेले. अमेरिकेत शिक्षण हा राज्यांचा विषय असल्यामुळे परीक्षणाचे नियम, शाळांची वर्गवारी आणि स्पर्धेचा हंगाम ही सर्व राज्यागणिक निराळी झाली.

ही घटना महत्त्वाची आहे. डोंगर वा नदी आड आल्याने बोली वेगळ्या होतात, हे स्पष्टीकरण भाषाविज्ञानातही अपुरे मानले जाते. कोण कोणाशी बोलतो आणि कोणाच्या संमतीची अपेक्षा धरतो, यावर बोलीची सीमा ठरते. बँडच्या बाबतीतही भेद जमिनीने निर्माण केलेले नाहीत. बँड कोणासमोर वाजतो आणि त्याचे मोल कोण ठरवितो, या दोन प्रश्नांच्या उत्तरांत ते सापडतात.

३

भेदांचे सर्वांत स्पष्ट गमक म्हणजे पाऊल. फुटबॉलच्या मैदानावर दर पाच यार्डांनी आडवी रेघ असते, आणि तीच चालीचे माप बनते. पाच यार्डांत सहा पावले टाकल्यास प्रत्येक पाऊल ३० इंचांचे होते. हे जुने लष्करी माप. आठ पावले टाकल्यास ते २२.५ इंचांचे होते, आणि आठ मात्रांचा सांगीतिक खंड रेघेशी नेमका जुळतो. हा जुळाव सोयीचा असल्याने आठ पावलांचे माप बहुतेक ठिकाणी रूढ झाले.

पूर्व टेक्ससमध्ये, लाँगव्ह्यू व त्याच्या आसपासच्या भागात, लष्करी पद्धत अद्याप जिवंत आहे. सरळ रांगा, एकमेकींतून आरपार जाणाऱ्या ओळी, काटकोनातील वळणे आणि मार्च या संगीतप्रकाराला दिलेले अग्रस्थान ही तिची लक्षणे होत. टेक्सस ए अँड एम या विद्यापीठाचा, १८९४ पासून चालत आलेला लष्करी धर्तीचा बँड या पद्धतीला प्रतिष्ठेचा आधार देत आला आहे.

दुसरी पद्धत ‘कोअर’ या नावाने ओळखली जाते. शाळांबाहेरील तरुणांच्या ड्रम व बिगूल पथकांपासून तिने प्रेरणा घेतली. १९७२ पासून त्या पथकांच्या राष्ट्रीय स्पर्धा ‘ड्रम कोअर इंटरनॅशनल’ ही संस्था भरवीत आली आहे. या पद्धतीत टाच आधी टेकते व पाऊल पुढे लोळविल्याप्रमाणे उतरते. गुडघा फारसा वर येत नाही. धड स्थिर राहिल्याने फुंकर हालत नाही व स्वर अखंड राहतो, हे त्यामागील कारण. संपूर्ण हंगामासाठी एकच कथासूत्र असलेला कार्यक्रम बसविला जातो आणि तोच महिनोन्‌महिने घासूनपुसून लख्ख केला जातो.

तिसरी पद्धत प्रामुख्याने दक्षिणेतील कृष्णवर्णीय समाजाच्या शाळा-महाविद्यालयांत वाढली. फ्लॉरिडा ए अँड एम विद्यापीठात विल्यम पी. फॉस्टर यांनी १९४६ साली बँडची सूत्रे हाती घेतली, आणि या शैलीला आकार देणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे. या विद्यापीठाचा बँड १९८९ साली फ्रेंच राज्यक्रांतीच्या द्विशताब्दीनिमित्त पॅरिसच्या संचलनात सहभागी झाला होता. येथे मांडी जमिनीला समांतर होईपर्यंत गुडघा उचलला जातो, लोकप्रिय गीते वाजविली जातात, संचलनाचे नृत्यात रूपांतर होते, आणि पथकनायक कंबरेतून मागे वाकून डोक्यावरील तुरा जमिनीला टेकवितो. एकच कार्यक्रम वर्षभर चालविण्यापेक्षा प्रेक्षकांना वारंवार नवे काही देण्याकडे या पथकांचा कल असतो. तसे न केल्यास प्रेक्षक नाराज होतात.

४

या तीन पद्धतींत ‘श्रोता’ वेगवेगळा आहे. कोअर पद्धतीचा खरा श्रोता प्रेक्षागाराच्या माथ्यावर बसलेला परीक्षक. मैदानावरील आकृती उंचावरून जशी दिसेल तशी आखलेली असते. तळच्या पायरीवर बसलेल्या आईबापांना ती पुष्कळदा नीट उमगतही नाही. तिसऱ्या पद्धतीचा श्रोता मात्र शेजारच्या बाकावर बसलेला, मोठ्याने दाद देणारा समाज असतो. तेथे परीक्षण तत्काळ आणि सार्वजनिक असते.

प्रयोगाचे स्थळ बदलले की रूपही बदलते. इंडियाना राज्याच्या जत्रेत १९४७ पासून ‘बँड डे’ साजरा होतो. तेथे पथके घोड्यांच्या शर्यतीच्या मार्गावर, एकाच बाजूस बसलेल्या प्रेक्षकांसमोर, ऐन उन्हाळ्यात कार्यक्रम करतात. लांबट, कमी खोलीच्या त्या जागेने आकृतींची कल्पनाच वेगळी घडविली. मिनेसोटात उन्हाळी नगरोत्सवांतील मिरवणुका हाच अनेक पथकांचा हंगाम. कॅलिफोर्नियात ‘बँड रिव्ह्यू’ या नावाने रस्त्यावरील संचलनाच्या स्पर्धा होतात. तेथे मार्च वाजवीत रांगा न मोडता जाणे हीच कसोटी मानली जाते. टेक्ससमध्ये शुक्रवार रात्रीचा फुटबॉल सामना आणि राज्य संघटनेची गुणश्रेणी असे दोन धनी एकाच वेळी सांभाळावे लागतात. शिवाय तेथील कायद्यानुसार १९८० नंतरच्या दशकापासून अभ्यासात अनुत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यास बँडच्या स्पर्धेतही तात्पुरती बंदी येते. त्यामुळे बँडशिक्षकाला गणिताच्या गुणांचीही चिंता वाहावी लागते.

५

येथवरचे विवेचन वाचून हे भेद केवळ रुचीचे आहेत असे वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः त्यांतील एक मोठी सीमारेषा कायद्याने व सक्तीने आखली होती. वर्णविभक्त शाळांच्या काळात दक्षिणेतील कृष्णवर्णीय मुलांना गोऱ्या शाळांच्या स्पर्धांत प्रवेश नव्हता. टेक्ससमध्ये त्यांच्या शाळांसाठी प्रेअरी व्ह्यू इंटरस्कॉलॅस्टिक लीग ही स्वतंत्र संघटना होती. ती १९७० मध्ये संपुष्टात आली. वेगळ्या शाळा, वेगळे शिक्षक, वेगळे परीक्षक आणि वेगळा प्रेक्षक या परिस्थितीत वेगळी पद्धत सिद्ध होणे अपरिहार्य होते. शिक्षक कृष्णवर्णीय महाविद्यालयांत तयार होत व शाळांत परतत. अशा रीतीने परंपरेची साखळी पिढ्यान्‌पिढ्या अखंड राहिली.

न्यू ऑर्लिअन्सच्या सेंट ऑगस्टीन हायस्कूलचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. एडविन हॅम्प्टन यांनी घडविलेले हे पथक १९६७ साली शहराच्या मार्डी ग्रा उत्सवातील प्रतिष्ठित ‘रेक्स’ मिरवणुकीत चालले. त्या मिरवणुकीत चालणारे ते पहिलेच कृष्णवर्णीय पथक होते. रस्त्याच्या दुतर्फा उभ्या जमावातील काहींनी मुलांचा अपमान केला, त्यांच्या अंगावर वस्तू फेकल्या. मुले रांग न मोडता, वाद्य ओठांवरून न काढता, चालत राहिली. या शाळेला राज्याच्या क्रीडासंघटनेत प्रवेश मिळविण्यासाठीही न्यायालयाची पायरी चढावी लागली, आणि तेथील निर्णय याच वर्षी तिच्या बाजूने लागला. मैलोगणती चालण्याचा दम, अरुंद रस्त्यात जमावावर मात करणारा नाद आणि अढळ शिस्त ही लक्षणे या शहरात शोभेची नव्हती, ती गरजेची होती.

२००५ च्या कॅटरिना वादळात शहर बुडाल्यानंतर तीन शाळांतील उरलेल्या विद्यार्थ्यांचे मिळून एक पथक उभे राहिले, आणि २००६ च्या मार्डी ग्रात ते चालले. घरे गेली होती, परंतु बँडचा रस्ता रिता राहता कामा नये, अशी त्यामागे धारणा होती. ज्या समाजात पथकाचे स्थान असे आहे, तेथे ‘किती गुण मिळाले’ हा प्रश्न गौण ठरतो.

६

१९७६ साली विस्कॉन्सिनमधील व्हाइटवॉटर येथे ‘मार्चिंग बँड्स ऑफ अमेरिका’ या संस्थेची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. आज ‘बँड्स ऑफ अमेरिका’ या नावाने तिची अंतिम स्पर्धा इंडियानापोलिस येथे भरते, आणि तिच्या परीक्षणपत्रिकेने प्रमाणभाषेच्या व्याकरणाचे कार्य केले आहे. तिचे अनुकरण राज्याराज्यांतून झाले. त्याचा लाभ नाकारता येत नाही : स्वरशुद्धी, समूहातील अचूकता आणि शिक्षकांची तयारी यांची पातळी उंचावली. परंतु प्रमाणभाषेबरोबर तिचा खर्चही आला. कार्यक्रमाचे रचनाकार, रंगमंचीय साहित्य, ध्वजपथकाचे वेश या सर्वांना पैसा लागतो, आणि संपन्न उपनगरांतील शाळांना तो सहज मिळतो.

येथे भाषाभ्यासकाला एक परिचित चूक दिसते. उचललेला गुडघा हा कोअर पद्धतीच्या कसोटीवर धड हलविणारा दोष ठरतो. तिसऱ्या पद्धतीच्या स्वतःच्या व्यवस्थेत मात्र तो नियम आहे. तेथे गुडघा खाली राहणे हीच चूक होय, आणि तिच्याबद्दल विद्यार्थ्याला तितक्याच कठोरपणे टोकले जाते. एका व्यवस्थेच्या नियमांनी दुसरीचे मोजमाप करणे म्हणजे वऱ्हाडी वा कोकणातील वक्त्याला पुण्याच्या व्याकरणाने अडाणी ठरविणे होय. शिस्त दोहोंकडे आहे, सराव दोहोंकडे आहे. भिन्न आहे तो केवळ संकेत.

या सीमारेषा अभेद्यही नाहीत. मैदानावर कोअर पद्धतीने चालणारी पथके मिरवणुकीत मार्च वाजवितात आणि सामन्याच्या वेळी बाकांवर बसून लोकप्रिय धुना घुमवितात. प्रसंगानुसार भाषेची पातळी बदलणाऱ्या वक्त्यासारखेच हे होय. अशा विद्यार्थ्याला दोन पद्धती येतात, म्हणून त्याची एकही बिघडत नाही.

सारांश, या पथकांतील प्रादेशिक भेद हे प्रमाणापासून झालेले स्खलन नव्हे. प्रत्येक पद्धतीमागे एक विशिष्ट श्रोता, एक विशिष्ट जागा आणि एक विशिष्ट इतिहास उभा आहे. परीक्षणपत्रिका हे उपयुक्त साधन आहे. तथापि तिच्यात रकाना नसलेली गोष्ट अस्तित्वातच नाही असे मानणे अशास्त्रीय ठरेल. १९६७ च्या त्या रस्त्यावर वाद्य खाली न ठेवणाऱ्या मुलांना कोणत्या रकान्यात गुण द्यावयाचे, याचे उत्तर अद्याप कोणत्याही पत्रिकेत नाही.