इशारा आणि आडोसा

२६ एप्रिल १९८९ च्या संध्याकाळी बांगलादेशातल्या माणिकगंज जिल्ह्यावर वादळ चालून आले. पावसाने मोठी ओढ दिली होती, लोक आभाळाकडे डोळे लावून बसले होते. ढग आला, आणि त्यातून उतरलेल्या टोर्नेडोने दौलतपूर-साटुरिया हा भाग होत्याचा नव्हता केला. सुमारे १,३०० माणसे दगावली, ८०,००० च्या आसपास बेघर झाली. एकाच टोर्नेडोने केलेली ही जगाच्या नोंदीतली सर्वांत मोठी जीवितहानी.

२० मे २०१३ रोजी अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातल्या मूर शहरातून सर्वांत वरच्या श्रेणीचा टोर्नेडो गेला. वाऱ्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या वर होता. भरवस्तीतली हजाराहून अधिक घरे भुईसपाट झाली. मृतांचा आकडा होता २४.

ते चोवीस जीवही लाखमोलाचे. पण १,३०० आणि २४ या आकड्यांमधली दरी केवळ निसर्गाने पाडलेली नाही. वस्तीची दाटी, घरांची बांधणी हे हिशेबात धरावेच लागते. मात्र खरा फरक पडतो तो दोन गोष्टींनी: वेळेवर मिळालेला इशारा आणि हाताशी असलेला आडोसा. टोर्नेडोच्या अभ्यासाचा सारा इतिहास या दोन गोष्टी मिळवण्याच्या धडपडीचा आहे.

वारा उभा कसा राहतो?

आपल्याला चक्रीवादळ परिचयाचे. ३ जून २०२० रोजी अलिबागजवळ किनाऱ्यावर आदळलेल्या ‘निसर्ग’ची वर्दी आधीपासून होती, म्हणून किनाऱ्यावरची माणसे हलवता आली. चक्रीवादळाचा घेर शेकडो किलोमीटरचा आणि आयुष्य काही दिवसांचे असते. टोर्नेडोची रुंदी बहुधा काहीशे मीटर भरते आणि जमिनीवर तो बहुतेकदा काही मिनिटेच टिकतो. तो जन्मतो गडगडाटी ढगात.

अमेरिकेत दरवर्षी सुमारे १,२०० टोर्नेडो होतात. मेक्सिकोच्या आखातावरून येणारी दमट, उष्ण हवा, पश्चिमेच्या पठारांवरून येणारी कोरडी हवा आणि उंचावरून वाहणारे जोरदार वारे मध्य अमेरिकेच्या मैदानांवर एकत्र येतात. बंगालच्या मैदानात असाच मेळ चैत्र-वैशाखात जमतो. बंगालच्या उपसागरावरची दमट हवा, छोटा नागपूरकडून येणारी कोरडी हवा आणि वर पश्चिमी वारे. तिथल्या ‘कालबैशाखी’च्या वादळांतूनच अधूनमधून टोर्नेडो उतरतो. १७ मार्च १९७८ रोजी उत्तर दिल्लीतही एका टोर्नेडोने २८ बळी घेतले होते.

जमिनीलगतचा वारा संथ आणि वरचा वेगवान असला, शिवाय दोघांच्या दिशा वेगळ्या असल्या, की मधली हवा लाटण्यासारखी आडवी फिरू लागते. ढगात वर चढणारा उष्ण हवेचा जोरदार झोत हे आडवे फिरणे उचलून उभे करतो. मग अख्खा ढगच सावकाश गरगरू लागतो. अशा ढगाला ‘सुपरसेल’ म्हणतात. फिरणारी हवा ताणली जाऊन अरुंद झाली, की तिचा वेग वाढतो आणि ती जमिनीला टेकली की टोर्नेडो होतो. बहुतेक सुपरसेल मात्र टोर्नेडोशिवायच विरून जातात, आणि इशारा देणाऱ्याची खरी कसोटी तिथेच लागते.

पडझडीतून वाचलेले वादळ

टोर्नेडोच्या पोटात यंत्र ठेवून वेग मोजणे जवळपास अशक्य. हा पेच सोडवला तेत्सुया फुजिता या जपानी शास्त्रज्ञाने. १९४५ साली हिरोशिमा आणि नागासाकी इथली पडझड त्यांनी जवळून अभ्यासली होती. झाड कुठल्या दिशेने आडवे झाले, जळल्याच्या खुणा कुठल्या अंगाला आहेत, यावरून स्फोट कुठे आणि किती उंचीवर झाला हे ताडता येते, हे त्यांनी तिथे पाहिले. १९५३ मध्ये ते शिकागो विद्यापीठात गेले. १९५७ मध्ये फार्गो शहरातला टोर्नेडो नागरिकांनी कॅमेऱ्यांत टिपला होता. ती दीडशेच्या आसपास छायाचित्रे गोळा करून, एकमेकांशी ताडून त्यांनी त्या वादळाचा पट मिनिटामिनिटाने उभा केला. १९७१ साली त्यांनी शून्य ते पाच अशी मोजपट्टी मांडली. तिची सुधारित आवृत्ती अमेरिकेत २००७ पासून वापरात आहे. श्रेणी आजही ठरते ती नुकसान पाहून. छप्पर उडाले, भिंती पडल्या की पायाच तेवढा उरला, यावरून वेगाचा अंदाज बांधतात.

इशाऱ्याची वाट याहून खडतर होती. लोक घाबरतील या भीतीने अमेरिकेच्या हवामान खात्याने टोर्नेडो हा शब्दच अंदाजातून कित्येक वर्षे हद्दपार केला होता. २० मार्च १९४८ रोजी ओक्लाहोमातल्या टिंकर हवाई तळाला टोर्नेडोचा तडाखा बसला. पाचच दिवसांनी हवेची तीच लक्षणे दिसताच अर्नेस्ट फॉबुश आणि रॉबर्ट मिलर या लष्करी अधिकाऱ्यांनी टोर्नेडोचे भाकीत केले. विमाने सुरक्षित जागी हलवली गेली, आणि त्याच संध्याकाळी टोर्नेडो तळावर आला. १९९० च्या दशकात डॉप्लर रडारचे जाळे देशभर पसरले आणि ढगातले फिरणे पडद्यावर दिसू लागले. आज टोर्नेडो येण्याआधी साधारण दहा ते पंधरा मिनिटांचा अवधी मिळतो.

भोंगा वाजल्यावर

पण इशारा ऐकू येणे आणि माणूस जागचा हलणे यांत अंतर आहे. दहापैकी सुमारे सात इशारे टोर्नेडोविना सरतात, त्यामुळे कान सरावतात. २२ मे २०११ रोजी मिसूरीतल्या जॉप्लिन शहरात टोर्नेडोच्या वीसेक मिनिटे आधी भोंगे वाजले होते. अनेकांनी बाहेर येऊन आभाळ पाहिले, दूरदर्शन लावले, दुसऱ्या भोंग्याची वाट पाहिली. त्या संध्याकाळी दीडशेहून अधिक माणसे गेली.

दुसरी उणीव आडोशाची. मूरच्या एका प्राथमिक शाळेत सात मुले दगावली. त्या इमारतीत सुरक्षित खोली नव्हती, नव्याने बांधलेल्या शाळेत ती आहे. २०१४ मध्ये या शहराने नव्या घरांसाठी कडक नियम केले. वारा गॅरेजचे दार फोडून आत शिरतो, आतून छप्पर उचलतो, आणि छप्पर गेले की भिंती कोसळतात. म्हणून दारे भक्कम हवीत आणि छप्पर, भिंत व पाया लोखंडी पट्ट्यांनी एकमेकांना जखडलेले हवेत. याला खर्च येतो, पण तो परवडण्याजोगा आहे.

साटुरियासारख्या भागात पत्र्याची घरे असतात. वाऱ्यावर सुटलेला पत्रा तलवारीसारखा कापत जातो. तिथे गावोगाव शाळेची किंवा दवाखान्याची एक तरी काँक्रीट छताची इमारत सदैव उघडी असणे, हाच लोकांच्या हातातला आडोसा.

नियम थोडे आहेत, ते पाठ असावेत. तळघर असेल तर तळघरात जा. नसेल तर सर्वांत खालच्या मजल्यावर, घराच्या मध्यभागी, बिनखिडकीच्या लहान खोलीत किंवा न्हाणीघरात थांबा. डोक्याला हेल्मेट घाला, अंगावर गादी ओढा. खिडक्या उघडल्याने घर वाचते हा गैरसमज आहे, त्यात वेळ घालवू नका. चाकांवरच्या तात्पुरत्या घरात थांबू नका. रस्त्यावरच्या पुलाखाली शिरू नका, तिथे वाऱ्याचा जोर वाढतो आणि उडणारा मलबा लागतो. ३१ मे २०१३ रोजी ओक्लाहोमातल्या एल रीनोजवळ वाहनांतून पळणारे लोक कोंडीत अडकले. त्याच टोर्नेडोने टिम समारास यांच्यासह तीन अनुभवी अभ्यासकांचा जीव घेतला. तेव्हा मोटारीतून त्याच्याशी शर्यत लावू नका, जवळची पक्की इमारत गाठा.

टेक्सास, ओक्लाहोमा, मिसूरीत आपली असंख्य मराठी घरे आहेत. तिथे राहणाऱ्या प्रत्येकाने आजच आपल्या घरातली ‘ती’ खोली ठरवावी, मुलांना दाखवावी, वर्षातून एकदा सगळ्यांनी तिथे जाऊन बसून पाहावे. भोंगा वाजला की खिडकीत उभे राहून चित्रफीत काढू नये, थेट त्या खोलीत जावे. दहा वेळा इशारा फुकट गेला तरी अकराव्या वेळी जावे.