तुमच्या डेस्कवरचं डोंगग्वान

नाव ऐकलेलं नसेल, पण हे शहर रोज तुमच्यासोबत लोकलमधून प्रवास करतं, जिममध्ये घाम गाळतं आणि रात्री उशाशी चार्जिंगला लागतं!

एक छोटासा गेम खेळू या. आत्ता जिथे बसलाय तिथल्या वस्तू एकेक करून उलट्या करून बघा. माऊस, हेडफोन, चार्जर, पायातले स्पोर्ट्स शूज, मॉनिटरवर चिकटवलेलं ते दात विचकणारं खेळणं... बहुतेकांवर 'मेड इन चायना' असणार. पण चायना म्हणजे नेमकं कुठे? तेवढा पत्ता कंपनीवाले देत नाहीत. मात्र चिठ्ठ्या टाकून एकच शहर निवडायचं म्हटलं, तर मी डोळे मिटून डोंगग्वानची चिठ्ठी उचलेन.

शांघाय, बीजिंग, हाँगकाँग सगळ्यांना ठाऊक. बिझनेस ट्रिपवाल्या मंडळींना ग्वांगझू आणि शेनझेनही पाठ असतं. या दोघांच्या बरोबर मधे, पर्ल नदीच्या मुखाशी डोंगग्वान पसरलंय. बुलेट ट्रेनमधून जाताना खिडकीबाहेर फॅक्टऱ्या, होस्टेलं, पुन्हा फॅक्टऱ्या असं जे काही सरकत राहतं ना, ते हेच! 2020च्या जनगणनेत इथली लोकसंख्या होती एक कोटी चार लाखांच्या वर. पैकी चारातले तीन जण बाहेरून आलेले. म्हणजे मुंबईत 'मूळचे कुठले?' असं विचारतात, तसं इथे 'इथलेच का?' असं विचारायला हवं.

गंमत म्हणजे या शहराची आणि मुंबईची ओळख खूप जुनी आहे, आणि ती फारशी अभिमानाची नाही. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश व्यापारी भारतातली अफू चीनमध्ये खपवत होते. बंगालची अफू कलकत्त्याहून जायची आणि माळव्याची मुंबई बंदरातून. आपल्या जे. जे. हॉस्पिटलमागचे 'जे. जे.', म्हणजे सर जमशेटजी जीजीभॉय, यांच्या संपत्तीतही या व्यापाराचा मोठा वाटा होता. शेवटी बादशहाने लिन झेशू नावाच्या कडक अधिकाऱ्याला दक्षिणेत पाठवलं. त्याने वीस हजारांवर पेट्या जप्त केल्या आणि जून 1839मध्ये आजच्या डोंगग्वानमधल्या हुमेनच्या किनाऱ्यावर सगळा माल नष्ट केला. जाळून नाही हं! मोठमोठे हौद खणून, त्यात पाणी, मीठ आणि चुना टाकून अफू विरघळवली आणि समुद्रात सोडून दिली. हे काम तीन आठवडे चाललं होतं. त्यातून पहिलं अफूयुद्ध पेटलं, चीन हरला आणि 1842च्या तहात हाँगकाँग ब्रिटिशांच्या हाती गेलं. हुमेनला आज या सगळ्याचं म्युझियम आहे. जे. जे.च्या बसस्टॉपवर उभं राहताना हे कुणाच्या मनात येत असेल?

आणि नियतीचा विनोद बघा, त्याच हुमेनमध्ये त्याच हाँगकाँगचा पैसा परत आला. साल 1978, महिना सप्टेंबर. आर्थिक सुधारणांची अधिकृत घोषणा व्हायला अजून तीन महिने होते. हाँगकाँगचा एक व्यापारी काळी हँडबॅग घेऊन आला आणि म्हणाला, अशी करून दाखवा. कारागिरांनी रात्रभर जागून हुबेहूब बॅग शिवून दिली, असं सांगतात. झालं, डील पक्कं! 'ताइपिंग हँडबॅग फॅक्टरी' सुरू झाली आणि तिच्या परवान्याचा नंबर होता 001. कच्चा माल, डिझाइन, मशिनरी सगळं हाँगकाँगचं. जागा आणि हात चीनचे. पुढची तीस-चाळीस वर्षं जगाला स्वस्त वस्तू पुरवणारा फंडा हाच. भातशेती, केळी आणि लीचीच्या बागांचा हा तालुका 1988मध्ये जिल्ह्याच्या दर्जाचं शहर झाला.

'शहर' म्हटल्यावर एक डाउनटाउन आणि बाजूला उपनगरं असं चित्र डोळ्यांपुढे येत असेल, तर ते पुसून टाका. डोंगग्वानमध्ये मधे जिल्हे-तालुके नाहीतच. शहराच्या थेट खाली अठ्ठावीस गावं आणि चार शहरी विभाग, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी स्वतःचा धंदा वाटून घेतलाय. हुमेन कपड्यांचं, होउजिए फर्निचर आणि बुटांचं, दालांग लोकरी स्वेटरचं. चांगआन साच्यांचं, सुट्या भागांचं आणि मोबाइलचं. ओप्पो आणि विवो, दोघींचंही माहेर हेच चांगआन. आठवतंय ना, 2016मध्ये आयपीएलच्या नावाआधी 'विवो' लागलं आणि 2017मध्ये विराटच्या छातीवर 'ओप्पो' आलं? तुमच्या हातातला सेट नॉयडात जुळवलेला असेलही, पण ब्रँडचा जन्मदाखला डोंगग्वानमधल्या एका गावाचा आहे.

एकेक धंदा असा एकाच गावात एकवटला की काय होतं? बटण हवं, बटणवाला शेजारी. चेन हवी, चेनवाला पलीकडच्या गल्लीत. पेट्या बनवणारा, लेबल छापणारा, कंटेनर भरणारा, सगळे हाकेच्या अंतरावर. मजुरी दुसऱ्या देशात कमी असली तरी ऑर्डर पटकन तिकडे हलत नाही, त्याचं खरं कारण हे शेजारपण आहे. नुसतं 'चायना स्वस्त आहे' म्हणणाऱ्यांना ही गोष्ट कळत नाही, असं माझं प्रामाणिक मत.

पण हे सगळं केलं कोणी? खेड्यातल्या मुलींनी. हुनान, सिचुआन, हुबेई, ग्वांग्शी अशा प्रांतांतून सोळा-अठराव्या वर्षी बसने किंवा ट्रेनने आलेल्या पोरी. त्यांना शब्दच होता 'दागोंगमेई', म्हणजे नोकरी करणाऱ्या धाकट्या बहिणी. फॅक्टरीतच होस्टेल, एका खोलीत आठ-दहा जणी, बंक बेड, खाली बादली, वर वाळत घातलेले कपडे. आधी हात चटकन चालतात म्हणून सुपरवायझर मुलींनाच घ्यायचे. मग मुलींना कळायला लागलं की कम्प्युटरचा किंवा इंग्रजीचा क्लास लावला की लाइनवरून ऑफिसात जाता येतं. मग काय, आज या फॅक्टरीत तर उद्या त्या! लेस्ली चांग या पत्रकार बाईने अशाच मुलींसोबत फिरून 2008मध्ये 'फॅक्टरी गर्ल्स' हे पुस्तक लिहिलं. नोकऱ्या बदलण्याचा त्यांचा वेग वाचून आपल्या आयटीवाल्यांनाही कॉम्प्लेक्स येईल.

पगार? 2008मध्ये इथलं किमान वेतन होतं महिन्याला 770 युआन. 2018पर्यंत ते 1720 झालं. वाढ दणदणीत आहे, पण एक गोष्ट पैशाने सुटत नाही, ती म्हणजे 'हुकोउ'. ही घरोघरची सरकारी नोंद. तुमची नोंद गावाकडची असेल, तर शहरात वीस वर्षं राबूनही तुम्ही पाहुणेच. मुलाला सरकारी शाळेत घालायचं तर गुण जमवा: किती वर्षं विमा भरला, घर आहे का, शिक्षण किती. गुण भरले नाहीत तर खासगी शाळेची फी भरा, नाहीतर पोराला आजी-आजोबांकडे गावी ठेवा. असंख्य आईबापांनी तिसरा पर्याय घेतलाय. वर्षातून एकदा, चिनी नववर्षाला, मुलांची भेट.

या जगण्याला आवाज दिला तो लाइनवरच्याच एका मुलीने. झेंग श्याओचियोंग मूळची सिचुआनची. नर्सिंग शिकलेली, 2001मध्ये डोंगग्वानला आली आणि लोखंडी सुट्या भागांच्या कारखान्यात लागली. मशिनमध्ये तिच्या स्वतःच्या बोटाला इजा झाली आणि तेव्हापासून ती लिहायला लागली. 2007मध्ये चीनमधल्या एका मोठ्या साहित्य मासिकाचं बक्षीस तिला मिळालं, तर स्टेजवरून बोलली कशावर? पर्ल नदीच्या खोऱ्यात दरवर्षी कारखान्यांत तुटणाऱ्या हजारो बोटांवर! लिहून एकही बोट परत जोडता येत नाही, पण तरी लिहायलाच हवं, असा तिच्या बोलण्याचा आशय होता.

नुसतं सोसलं असंही नाही. 2008च्या मंदीत खेळण्यांचे कारखाने एका रात्रीत कुलूप लावून गेले, तेव्हा हजारो कामगार थकलेल्या पगारासाठी गेटवर उभे राहिले. एप्रिल 2014मध्ये गाओबूमधल्या युए युएन कंपनीत, जिथे जगातल्या बड्या ब्रँड्सचे शूज बनायचे, चाळीस हजारांच्या आसपास कामगारांनी काम थांबवलं. मागणी काय, तर कंपनी आमच्या पेन्शन-विम्याचे पैसे कमी भरतेय, ते पूर्ण भरा. पीएफची स्लिप न बघताच फोल्डरमध्ये टाकणाऱ्यांनी जरा नोंद घ्यावी.

पैसा आल्यावर माणसं जे करतात ते डोंगग्वाननेही केलं. शो! 2005मध्ये इथे 'न्यू साउथ चायना मॉल' उघडला. भाड्याने द्यायच्या जागेच्या हिशोबात जगातला सर्वांत मोठा. दोन हजारांवर दुकानांची सोय, पॅरिसची कमान, व्हेनिसचा कालवा आणि त्यात होड्या. मालक इन्स्टंट नूडल्सच्या धंद्यात श्रीमंत झालेला. सगळं होतं, फक्त दुकानदार आणि गिऱ्हाईक नव्हतं! फॅक्टरीत बारा तास राबणाऱ्यांना व्हेनिस काय कामाचं? वर्षानुवर्षं हा मॉल जवळजवळ रिकामा राहिला आणि जगभरचे पत्रकार भुताटकी बघायला यावं तसे येऊन फोटो काढून गेले. पुढे डागडुजी झाली, सिनेमा, खाण्याची दुकानं आली आणि तो हळूहळू भरत गेला.

शहराचं दुसरं, बदनाम रूपही होतं. मसाज पार्लर, कराओके, हॉटेलं यांच्या आडून देहविक्रीचा प्रचंड धंदा चालायचा. फेब्रुवारी 2014मध्ये सरकारी टीव्हीने तो दाखवला आणि काही तासांत हजारो पोलिसांच्या धाडी पडल्या.

आजचं डोंगग्वान बघायचं तर सोंगशान तलावाकडे जा. 2018पासून ह्युआवेईने आपली माणसं इथल्या नव्या कॅम्पसमध्ये हलवली. हा कॅम्पस म्हणजे युरोपातल्या बारा जागांच्या नकला! हायडेलबर्गचा किल्ला काय, बोलोन्याचे मनोरे काय, आणि या इमारतीतून त्या इमारतीत जायला लाल रंगाची चिमुकली ट्रेन. थोडं फिल्मी वाटतं, पण लंच-अवरमध्ये किल्ल्याभोवती चक्कर मारायला कुणाला नको? जवळच न्यूट्रॉनच्या झोतांवर संशोधन करणारी राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. कारखान्यांत रोबो आले. एका कारखान्यात साडेसहाशे माणसांच्या जागी साठ उरल्याची बातमी 2015मध्ये जगभर गाजली. 2021मध्ये शहराचं उत्पन्न एक लाख कोटी युआनच्या पुढे गेलं. आणि 2023मध्ये त्याला चीनची 'ट्रेंडी खेळण्यांची राजधानी' हा किताब मिळाला. ते लबूबूवालं वेड आहे ना, त्या पॉप मार्टची खेळणीही इथल्या कारखान्यांतून निघत आलीत.

खाण्याचं विचाराल तर भाजलेलं बदक-हंस खाणाऱ्यांची चंगळ. हंसाचं मांस आणि तांदळाच्या जाड शेवयांचं सूप ही इथली खासियत. शाकाहारी मंडळींनी जूनमध्ये जावं आणि लीचीवर भागवावं.

आता जाता जाता एका माणसाबद्दल. नाव मुद्दाम देत नाही. हुबेईच्या खेड्यातून 2003मध्ये आलेला चौपन्न वर्षांचा बूट-कामगार. सुट्टीच्या दिवशी बाकीचे पत्ते कुटायचे, हा डोंगग्वानच्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसायचा. फुकट, एसीत, कुणी हटकत नाही. शब्द अडला की डिक्शनरी काढायची. बारा वर्षं असंच. चीनची ती सुप्रसिद्ध जाडजूड 'लाल महालातलं स्वप्न' ही कादंबरी त्याने अनेकदा वाचली होती. 2020मध्ये कोविडने बुटांच्या ऑर्डरी आटल्या, काम गेलं. 24 जूनला तो कार्ड परत करून डिपॉझिट घ्यायला वाचनालयात आला. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, अभिप्राय लिहिता का? त्याने लिहिलं. इतक्या वर्षांत या शहरातली सर्वांत चांगली जागा हे वाचनालयच. जायचं मनात नाही, पण पोटापाण्यासाठी जावं लागतंय, अशा अर्थाचं काहीतरी.

कुणीतरी त्या पानाचा फोटो नेटवर टाकला. दोन दिवसांत अख्ख्या चीनने तो वाचला. शहराच्या रोजगार खात्याला जाग आली, एका कंपनीत झाडं-बागा सांभाळण्याचं काम त्याला मिळालं आणि वाचनालयाने नवं कार्ड करून दिलं. त्याच आठवड्यात ज्यांची नोकरी गेली पण अभिप्राय लिहिला नाही, ते बहुधा गावी परतले. हा मात्र पुन्हा आपल्या टेबलाशी जाऊन बसला.