सुट्टीत आलेली लेक गप्प का?

तायांनो, मेळघाटातली आपली पोरगी घरी कोरकू बोलते. ही भाषा मराठीच्या कुळातली नाहीच, ती संथाळी-मुंडारीच्या कुळातली. शिकायला परतवाड्याला, अमरावतीला गेली की तिच्या बोलण्याला हसतात. मग ती वर्गात तोंडच उघडत नाही. सुट्टीत आली तरी गप्प. आपण म्हणतो, शहाणी झाली! आधी तिच्याशी कोरकूतच बोला, शाळेचे मार्क नंतर विचारा. भुमकाकडे न्यायचं तर न्या, पण झोप-जेवण दोन आठवडे बिघडलेलं असेल तर आशाताईला सांगून दवाखान्यातही दाखवा. ‘जगून काय करू’ म्हणाली तर मात्र त्याच घडीला १४४१६ लावा, तिला एकटं सोडू नका. टेली-मानसची ही सरकारी सेवा फुकट, चोवीस तास, मराठीतही आहे. नंबर गटाच्या वहीत लिहून ठेवा.