ठळक झाले तरी रुंदी तेवढीच

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या पडद्यावर हमखास भेटणारा ‘आयबीएम प्लेक्स मोनो’ हा अक्षरसंच २०१७ साली आला. माइक अ‍ॅबिंक यांच्यासमवेत तो घडवला नेदरलँड्समधील ‘बोल्ड मंडे’ या संस्थेने.

यातील प्रत्येक अक्षराची रुंदी समान. रोमन लिपीतला छोटा ‘आय’ आडव्या दांड्या लावून रुंद करावा लागतो, तर ‘एम’चे तीन खांब दाटीवाटीने उभे राहतात. खरी कसोटी ठळक वळणात लागते. रेघ जाड होते, पण जागा वाढत नाही; म्हणून ‘एम’चे खांब इतरांहून किंचित बारीक ठेवावे लागतात. हा खटाटोप अशासाठी, की एखादा शब्द ठळक केला तरी खालच्या-वरच्या ओळींतील स्तंभ ढळू नयेत. शून्याच्या पोटातला ठिपका त्याला ‘ओ’पासून वेगळे राखतो. दीर्घ लेख मात्र या वळणात वाचवत नाही.

देवनागरी टंकलेखन यंत्रावर ‘क’ असो वा काना, गाडा एकच घर सरके. प्लेक्सची देवनागरी तशी नाही, आणि ते योग्यच. ‘र’ आणि ‘क्ष’ एकाच मापात शोभत नाहीत. प्रोग्रॅममध्ये मराठी टिपण लिहिले की स्तंभ हलतात, ते यामुळेच.