शर्यतीपूर्वीचा गारवा

खेळापूर्वी अंग गरम करावे, हे तुम्ही क्रीडांगणावर नेहमी ऐकता. परंतु कडक उन्हात लांब पल्ल्याच्या शर्यतीस निघणारे काही सायकलपटू आधी अंग थंड करून घेतात. हे ऐकून तुम्हांला नवल वाटेल. पण त्यामागे शास्त्र आहे.

आपल्या शरीराचे तापमान सुमारे ३७ अंश सेल्सिअस असते. सायकल चालविताना स्नायू जी शक्ती खर्च करतात, तिचा जेमतेम चौथा हिस्सा चाके फिरविण्याच्या कामी येतो; बाकीच्या शक्तीची उष्णता होते. रक्त ही उष्णता त्वचेपर्यंत आणते आणि घाम वाळताना ती बाहेर पडते. हवा उष्ण व दमट असली, की घाम वाळत नाही, नुसता ठिबकत राहतो. मग उष्णता आत साठू लागते. ती फार वाढली, तर उष्माघात होऊन प्राणांवरही बेतते.

याविषयी डेन्मार्कमध्ये झालेला एक प्रयोग १९९९ साली प्रसिद्ध झाला. सात कसलेल्या सायकलपटूंना निरनिराळ्या दिवशी थंड, कोमट व ऊन पाण्यात अर्धा तास बसविले आणि नंतर ४० अंशांच्या उष्ण हवेत दमेपर्यंत सायकल चालवावयास लावली. थंड पाण्यानंतर ते सरासरीने ६३ मिनिटे टिकले, कोमट पाण्यानंतर ४६ आणि ऊन पाण्यानंतर अवघी २८! थांबतेवेळी मात्र प्रत्येक खेपेस त्यांच्या शरीराचे तापमान सुमारे ४० अंशच होते. घागर तीच, पण आधी जितकी रिकामी, तितका ती भरावयास वेळ अधिक.

शर्यतीच्या जागी पाण्याचा हौद कोठून आणावा? म्हणून खेळाडू बर्फाचे जाकीट घालतात, किंवा बर्फाचा मऊ चुरा घोटघोट गिळतात. अटलांटा येथील १९९६ च्या ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाच्या नौकापटूंनी अशी जाकिटे वापरली होती. एक ग्रॅम बर्फ नुसता वितळण्यास ८० कॅलरी उष्णता लागते. ते पाणी शरीराइतके ऊन होण्यास आणखी ३७ लागतात. यास्तव शून्य अंशाच्या पाण्यापेक्षाही बर्फ तिपटीहून अधिक उष्णता ओढून घेतो.

मात्र पाय गारठले, तर त्यांचा जोर कमी होतो. म्हणून छातीपाठ थंड ठेवून पाय हलते ठेवावे लागतात. शिवाय हा गारवा वाटेत ओसरतो. तेव्हा पाणी पिणे कोणासही चुकत नाही.

तुम्हीही उन्हात खेळण्यापूर्वी सावलीत बसा, पाणी प्या आणि चक्कर येऊ लागताच थांबून मोठ्यांना सांगा. वेळीच थांबणे ही हार नव्हे. ते शहाणपण आहे.