भिंत मागे, भिंत पुढे

मे २०२२. न्यूयॉर्क यांकीजचा आरन जज बाल्टिमोरच्या कॅम्डेन यार्ड्स मैदानावर खेळत होता. त्याचा एक उंच फटका डावीकडच्या भिंतीवर आदळला आणि चेंडू मैदानातच राहिला. मेजर लीगच्या उरलेल्या २९ मैदानांत तो होमरन ठरला असता. जज वैतागला आणि त्याने ते बोलूनही दाखवले.

बेसबॉलमध्ये दोन बेसमधले अंतर सगळीकडे ९० फूट असते. मागची भिंत किती दूर आणि किती उंच, हे मात्र ज्या त्या मैदानाचे. बॉस्टनच्या फेनवे पार्कमध्ये डावीकडची भिंत जेमतेम ३१० फुटांवर आहे, पण उंची ३७ फूट! कॅम्डेन यार्ड्सवर होमरन फार स्वस्त झाले म्हणून २०२२च्या हंगामाआधी डावीकडची भिंत सुमारे २६ फुटांपर्यंत मागे नेली आणि तिची उंची सातवरून १३ फूट केली.

ताशी १६० किलोमीटर वेगाने, २५ ते ३० अंशांच्या कोनात सुटलेला चेंडू साधारण ४०० फूट जातो. म्हणजे सगळा खेळ शेवटच्या वीस-पंचवीस फुटांचा. समुद्रसपाटीपासून १६०० मीटर उंचावरच्या डेन्व्हरमध्ये विरळ हवेचा अडथळा कमी असल्याने तोच चेंडू सुमारे पाच टक्के पुढे जातो. म्हणून तिथे २००२पासून चेंडू दमट कपाटात ठेवतात. ओलसर चेंडू बॅटवरून कमी उसळतो. तरी संशय उरतोच. डेन्व्हरमध्ये धावा लुटणाऱ्या लॅरी वॉकरला ‘हॉल ऑफ फेम’साठी मतदानाच्या दहाव्या, शेवटच्या वर्षापर्यंत थांबावे लागले.

उजव्या हाताने खेळणाऱ्याचे जोरकस फटके बहुधा डावीकडे जातात. त्यामुळे बाल्टिमोरची नवी भिंत नेमकी त्यांच्याच मुळावर आली. यजमान संघाच्या रायन माउंटकॅसलचे २०२१मध्ये ३३ होमरन होते, पुढच्या वर्षी २२. सगळा दोष भिंतीचा नसेलही. पण करार संपून मोकळा झालेला खेळाडू, म्हणजे ‘फ्री एजंट’, नवा संघ निवडताना असे आकडे पाहणारच. त्याचा पुढचा भाव होमरनवर ठरतो, आणि भिंतीला लागलेल्या फटक्याचे कोणी तेवढे पैसे देत नाही. पिचरला अर्थातच तीच भिंत हवीहवीशी वाटते.

नोव्हेंबर २०२४मध्ये बाल्टिमोरचे महाव्यवस्थापक माइक इलायस यांनी बदल जरा जास्तच झाल्याचे मान्य केले आणि भिंत पुन्हा पुढे आणण्याचे ठरले. पुढच्याच महिन्यात टायलर ओ’नीलशी तीन वर्षांचा, ४ कोटी ९५ लाख डॉलरचा करार झाला. ओ’नील उजव्या हाताचा. त्या वर्षी बॉस्टनकडून त्याने ३१ होमरन मारले होते. पहिल्या वर्षानंतर करार सोडण्याची मुभाही त्याने मिळवली.

भिंत पुढे आली. ओ’नील मात्र दुखापतींमुळे २०२५मध्ये बराच काळ बाहेर बसला. करार सोडण्याची मुभा त्याने वापरली नाही.